उघड्या मोटारीचे जतन : एका छंदाचा इतिहास आणि त्याची परिभाषा

१

परभणी जिल्ह्यातील देवगाव फाटा हे स्थलनाम मोटारीच्या इतिहासाचा एक छोटासा दस्तऐवज मानता येईल. 'फाटा' ह्या शब्दाचा मूळ अर्थ झाडाची शाखा. त्यावरून कालव्याचा, नदीचा किंवा रस्त्याचा फाटा. गाव आपल्या जुन्या जागी आणि जुन्या नावाने राहते. मोठ्या रस्त्यावरून त्याच्याकडे जेथे वाट फुटते, त्या ठिकाणाला गावाचे नाव आणि त्यापुढे 'फाटा' हे पद जोडले जाते. अशी नावे महाराष्ट्रात सर्वत्र आढळतात. त्यांत एक गोष्ट लक्षणीय आहे. गावात राहणाऱ्याला फाट्याची ओळख सांगण्याचे फारसे कारण नसते. ती गरज रस्त्यावरून जाणाऱ्याची, वाहनातून उतरणाऱ्याची असते. म्हणजे हे नाव प्रवाशाच्या तोंडून घडलेले आहे.

हा प्रदेश १९४८ पर्यंत हैदराबाद संस्थानात होता. निजाम स्टेट रेल्वेने १९३२ साली २७ बसगाड्यांनिशी रस्तेवाहतुकीचा विभाग सुरू केला. त्या काळातील एक आल्बियन बस पुढे हैदराबाद येथे जतन करण्यात आली. जवळचे सेलू हे मनमाड–सिकंदराबाद लोहमार्गावरील स्थानक. लोहमार्ग, त्याला मिळणारा रस्ता आणि रस्त्याला फुटणारा फाटा ह्या क्रमाने यंत्रवाहन मराठवाड्याच्या ग्रामीण भागात आले, आणि त्याच्याबरोबर एक नवी शब्दसंपत्तीही आली.

जुन्या मोटारी चालत्या स्थितीत राखण्याचा छंद हा इतिहासलेखनाचा विषय म्हणून आजवर बहुधा मालकांच्या अंगाने मांडला गेला आहे. संस्थानिकांचे वाडे, मुंबईतील धनिकांचे संग्रह आणि मिरवणुका ह्यांभोवती ते लेखन फिरते. उघड्या मोटारींच्या बाबतीत, म्हणजे ज्यांचा टप दुमडून मागे टाकता येतो अशा गाड्यांच्या बाबतीत, हे विशेषच खरे आहे. कारण अशी गाडी पाहण्याजोगी असते आणि तीत बसलेला मनुष्यही दिसतो. परंतु गाडी कोणाची होती, हा एक प्रश्न आणि ती चालती कोणी ठेवली, हा दुसरा. ह्या दुसऱ्या प्रश्नाचा लेखी पुरावा अत्यल्प आहे. जो पुरावा शिल्लक आहे तो मुख्यतः हातांत आणि भाषेत आहे. प्रस्तुत लेखात त्यांपैकी भाषेच्या पुराव्याच्या आधारे ह्या छंदाचा इतिहास तपासण्याचा प्रयत्न केला आहे.

२

आज 'कन्व्हर्टिबल' हा मोटारीचा एक खास आणि महागडा प्रकार समजला जातो. ऐतिहासिक क्रम मात्र उलटा आहे. आरंभीच्या मोटारी बहुतांशी उघड्याच होत्या. १९०८ ते १९२७ ह्या काळात दीड कोटी संख्येने निघालेल्या फोर्डच्या 'मॉडेल टी' गाडीचे सर्वांत परिचित रूप म्हणजे वर कापडी टप आणि बाजूंना बटणांनी लावण्याचे पडदे असलेली उघडी गाडी. अमेरिकेत १९१९ साली बंद मोटारींचे प्रमाण शेकडा दहाच्या आसपास होते; १९२७ साली ते शेकडा ८५ पर्यंत गेले. पोलादी पत्र्याचे सांगाडे मोठ्या संख्येने दाबून काढता येऊ लागले आणि बंद गाडीची किंमत उतरली, हे ह्या स्थित्यंतराचे प्रमुख कारण. त्यापूर्वी मोकळेपणा हा नियम होता आणि छप्पर ही सोय. त्यानंतर छप्पर हा नियम ठरला आणि मोकळेपणा ही चैन.

मराठीत ह्या प्रकाराला रूढ असे स्वतंत्र नाव नाही, त्याचे कारण ह्याच क्रमात शोधले पाहिजे. मोटार आली तेव्हा ती उघडीच होती. तिला वेगळे म्हणण्याची गरज नव्हती. दुमडत्या छपराला शब्द मात्र तयार होता. बग्गी, फेटण, व्हिक्टोरिया, टांगा ह्या वाहनांमुळे 'टप' हा शब्द भाषेत रुळलेला होता, आणि तोच मोटारीच्या कापडी छपराला लागू झाला. मुंबईतील व्हिक्टोरिया गाडीचा पंख्यासारखा मिटणारा टप आणि जुन्या मोटारीचा टप ह्यांची रचना तत्त्वतः एकच आहे : लाकडी वा लोखंडी कमानी, त्यांवर ताणलेले जाड कापड आणि कडेचे बिजागर. टांग्याचा टप शिवणाऱ्या कारागिराला मोटारीचा टप अपरिचित वाटण्याचे कारण नव्हते.

पुढे ह्या शब्दाने जे वळण घेतले ते उद्‌बोधक आहे. एस.टी.च्या 'टपावर' सामान चढविले जाते, गर्दीच्या वेळी माणसेही टपावर बसतात, असे आपण म्हणतो. येथे टप म्हणजे दुमडता येणारे कापड नव्हे, तर माणसाचे ओझे पेलणारा घट्ट पत्रा. वस्तू बदलली, शब्द राहिला. छप्पर कापडाचे लोखंडी झाले, हा मोटारीच्या इतिहासातील बदल एका मराठी शब्दाच्या अर्थांतरात असा साठवला गेला आहे.

३

अशी आणखीही उदाहरणे आहेत. मोटारीच्या मागील सामानाच्या कप्प्याला मराठीत 'डिकी' म्हणतात. मुळात 'डिकी' ही घोडागाडीवरची नोकराची किंवा हाक्याची बैठक. दोन माणसांच्या उघड्या मोटारीत मागील झाकण उलटे उघडले की आतून एक जादा बैठक निघत असे. तिला हेच नाव मिळाले. टपाच्या आडोशाबाहेर, वाऱ्यापावसात बसण्याची ही जागा. बंद मोटारी आल्या तशी ती बैठक गेली, तिच्या जागी सामानाचा कप्पा आला आणि नाव मात्र टिकले. आज डिकीत बॅगा ठेवणाऱ्या माणसाला आपण उघड्या मोटारीचा एक अवशेष उच्चारतो आहोत, ह्याची कल्पनाही नसते.

'स्टेपनी' ह्या शब्दाची कथा ह्याहून विलक्षण. आरंभीच्या मोटारींत जादा चाक नसे; रस्त्यावर टायर फाटला की तो तेथेच दुरुस्त करावा लागे. वेल्समधील लानेल्ली ह्या गावी, स्टेपनी नावाच्या रस्त्यावर, १९०४ च्या सुमारास डेव्हिस बंधूंनी एक जादा चाक तयार केले. ते निकामी चाकाला बाहेरून जोडता येत असे. ते जगभर विकले गेले. पुढे प्रत्येक मोटारीबरोबर कारखान्यातूनच जादा चाक येऊ लागले आणि हे उत्पादन मागे पडले. इंग्लंडात हा शब्द आज सर्वसामान्यांना कळत नाही. परंतु मराठवाड्यातील कोणत्याही फाट्यावर पंक्चर काढणारा तो रोज वापरतो.

'खटारा' ह्या शब्दाचा प्रवास देशी आहे. खटारा म्हणजे ओझी वाहण्याची मोठी, जड बैलगाडी. मोटारयुगात तो शब्द मोडकळीस आलेल्या वाहनाला लागू झाला. जुन्या वाहनाची उपेक्षा व्यक्त करताना भाषेने आधीच्या युगातील वाहनाचे नाव वापरले, हे ध्यानात घेण्याजोगे आहे. ह्याउलट गौरवार्थी 'व्हिंटेज' हा शब्द द्राक्षाच्या हंगामावरून मद्याकडे आणि मद्यावरून मोटारीकडे आला. एकाच गाडीला शेजारी खटारा म्हणतो आणि मालक व्हिंटेज. ह्या दोन शब्दांमधील अंतर कोणी, केव्हा आणि कशा श्रमाने पार केले, हाच ह्या छंदाचा खरा इतिहास होय.

त्या श्रमाच्या कर्त्याचे नाव 'मिस्त्री' किंवा 'मेस्त्री'. हा शब्द पोर्तुगीज 'मेस्त्रे' ह्या शब्दावरून आला. त्याचा अर्थ आपल्या कलेत पारंगत असलेला गुरू. मराठीत तो सुतार, गवंडी आणि यंत्रकार ह्या तिघांनाही लागतो. उघड्या मोटारीच्या सांगाड्यात लाकूड, पत्रा आणि यंत्र ही तिन्ही असतात. म्हणून हा व्यापक अर्थ येथे सोयीचा ठरतो.

४

पश्चिमेत जुन्या मोटारी राखण्याचा छंद हा विपुलतेतून उपजला. नवी गाडी सहज मिळत असताना जुनी मुद्दाम ठेवावयाची, असे त्याचे स्वरूप. ब्रिटनमध्ये व्हेटरन कार क्लब १९३० साली स्थापन झाला. भारतात ह्या छंदाची पूर्वपीठिका निराळी आहे. येथे तो टंचाईतून आला.

जनरल मोटर्सने १९२८ साली मुंबईत मोटारजुळणीचा कारखाना काढला. फोर्डने त्यापूर्वी, १९२६ साली भारतात कंपनी स्थापन केली होती. स्वातंत्र्योत्तर काळात सुट्या भागांची नुसती जुळणी करण्याऐवजी देशात प्रत्यक्ष उत्पादन व्हावे, असे धोरण आले. १९५३ च्या टॅरिफ कमिशनच्या शिफारशीनंतर ह्या दोन्ही कंपन्यांनी भारतातील काम आवरते घेतले. मागे उरलेल्या शेव्हरोले व फोर्ड गाड्यांना सुटे भाग पुरविणारा आता कोणी नव्हता. बाजारात नव्या गाड्या होत्या त्या मुख्यतः कुर्ल्याची प्रीमियर, उत्तरपाड्याची हिंदुस्थान आणि मद्रासची स्टँडर्ड ह्या तीन कारखान्यांच्या, आणि त्या बंद छपराच्या होत्या. ग्रामीण भागात उघडे मोटारवाहन म्हणजे ताडपत्रीच्या टपाची जीप. ह्या परिस्थितीत जुनी उघडी मोटार चालू ठेवणे हा प्रथम निभावाचा प्रश्न होता. मोडलेला भाग मिळत नाही म्हणून तो लेथवर घडवावयाचा, दुसऱ्या गाडीचा भाग घासूनपुसून बसवावयाचा, पाटा तुटला तर लोहाराकडून नवा करून घ्यावयाचा : ही सारी कौशल्ये छंदाच्या आधीची आहेत. छंद त्यांवर उभा राहिला.

निभावाकडून छंदाकडे झालेले हे संक्रमण साधारणतः केव्हा घडले, हे दोन घटनांवरून उमगते. १९५८ साली 'चलती का नाम गाडी' हा हिंदी चित्रपट आला. त्यात गॅरेज चालविणाऱ्या भावांची जुनी उघडी मोटार ही विनोदाची सामग्री आहे. १९६४ साली दिल्लीत 'स्टेट्समन' वृत्तपत्राने जुन्या मोटारींची शर्यतवजा मिरवणूक सुरू केली. तेथे तशाच गाड्या कौतुकाचा विषय झाल्या. सहा वर्षांच्या अंतराने आलेल्या ह्या दोन घटनांत हास्य आणि आदर जवळजवळ शेजारी उभे आहेत. पुढे १९७१ साली संस्थानिकांचे तनखे रद्द झाल्यावर वाड्यांतील अनेक गाड्या बाहेर पडल्या आणि संग्राहकांच्या हाती आल्या.

महाराष्ट्रापुरते पाहता ह्या परंपरेची दोन टोके दाखविता येतील. एक टोक कोल्हापूरचे. तेथील शाही दसऱ्याला छत्रपती घराण्यातील मंडळी दसरा चौकात जुन्या मेबॅक मोटारीतून येतात. मेबॅक ही जर्मनीतील फ्रीड्रिक्सहाफेन येथील कंपनी. झेपेलिन विमाननौकांची इंजिने करणाऱ्या ह्या कारखान्याने १९२१ पासून दुसऱ्या महायुद्धाच्या प्रारंभीच्या वर्षांपर्यंत मोजक्याच मोटारी बनविल्या. अशा गाडीचा भाग बाजारात मिळणे ही गोष्ट संभवत नाही. तरीही ती वर्षातून एकदा, ठरलेल्या दिवशी, हजारो लोकांसमक्ष स्वतःच्या शक्तीने चालत येते. कोल्हापूरला यंत्रकौशल्याची दीर्घ परंपरा आहे. १९१८ साली ज्यांनी देशी चित्रपट-कॅमेरा घडविला त्या बाबूराव पेंटर ह्यांचे मूळ आडनाव मेस्त्री होते, हा योगायोग येथे सूचक वाटतो. राजवाड्याची गाडी आणि शहरातील कारखानदारी ह्यांचा विचार एकत्र केल्याशिवाय ह्या मिरवणुकीचा अर्थ पुरा लागत नाही.

दुसरे टोक मध्यमवर्गाचे. मद्रासच्या स्टँडर्ड कंपनीने १९६१ पासून 'हेराल्ड' ही गाडी काढली. ब्रिटनमधील ट्रायम्फ कंपनीच्या, मिकेलोटी ह्या इटालियन रचनाकाराने आखलेल्या गाडीची ती भारतीय आवृत्ती. तिची चौकट स्वतंत्र असून वरचा सांगाडा तुकड्यातुकड्यांनी नटबोल्टांनी जोडलेला होता; छप्परसुद्धा बोल्टांवर बसविलेले होते. साहजिकच ते काढून कापडी टप चढविण्याचा मोह अनेक हौशी मालकांना झाला. ज्या गाडीत छप्पर हा सांगाड्याचाच भार पेलणारा अवयव असतो, तिचे छप्पर कापले तर मजला वाकतो आणि दारे लागेनाशी होतात. हेराल्डमध्ये तो धोका कमी होता. राजवाड्याबाहेरच्या माणसाला उघडी मोटार मिळाली ती पुष्कळदा अशी, मिस्त्रीच्या पान्यातून.

५

ह्या गाड्या चालत्या ठेवणे म्हणजे नेमके काय करणे, हे येथे थोडक्यात पाहणे अवश्य आहे; कारण 'जतन' ह्या संकल्पनेचा निवाडा तेथेच होतो.

आपल्या हवामानात उघड्या मोटारीचा पहिला शत्रू पावसाळा. ओला टप मिटून ठेवला की कापडाला बुरशी धरते. शिवणीतून झिरपलेले पाणी मजल्यावर साचून पत्रा आतून गंजतो. कमानींचे लाकूड फुगते. दुसरा शत्रू स्वस्थता. गाडी उभी राहिली की रबरी वायसर आणि नळ्या कोरड्या पडून चिरतात, टायर एका बाजूने चपटे होतात, बॅटरी उतरते, टाकीत गंज धरतो. म्हणून अनुभवी मिस्त्री गाडी ठराविक दिवसांनी थोडी तरी चालविण्याचा आग्रह धरतो. तिसरी अडचण इंधनाची. भारतात १ फेब्रुवारी २००० पासून पेट्रोलमधील शिसे बंद झाले. मऊ बिडाच्या व्हॉल्व्ह-बैठका असलेल्या जुन्या इंजिनांत त्यामुळे कठीण धातूची कडी बसवावी लागली. २०२३ पासून २० टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल टप्प्याटप्प्याने सर्वत्र आले. इथेनॉल हवेतील ओलावा ओढून घेते आणि जुन्या प्रकारचे रबर त्यात टिकत नाही; परिणामी नळ्या बदलणे आणि कार्बोरेटर वारंवार साफ करणे भाग पडते. चौथी गोष्ट कौशल्याची. १९२० च्या दशकातील अनेक इंजिनांत बेअरिंग म्हणजे व्हाइट मेटल वितळवून जागेवर ओतलेला आणि हाताने खरवडून शाफ्टाला बेतलेला थर. हे काम पुस्तकावरून येत नाही. किती खरवडले म्हणजे पुरे, हे हाताला कळावे लागते.

अशा गाडीचे भाग एकेक करून बदलत गेल्यावर ती तीच गाडी राहते काय, हा प्रश्न भारतीय परंपरेला नवा नाही. 'मिलिंदपञ्ह' ह्या पाली ग्रंथात भिक्षू नागसेन मिलिंद राजाला रथाचे उदाहरण देऊन विचारतो की आस, चाक, जू ह्यांपैकी रथ कोणता; आणि निष्कर्ष असा निघतो की 'रथ' ही त्या अवयवांच्या आश्रयाने प्रवृत्त झालेली संज्ञा आहे. ह्या संवादातील दोन्ही नावे मराठवाड्याला परिचित आहेत, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९५० साली औरंगाबाद येथे सुरू केलेल्या महाविद्यालयाचे नाव मिलिंद आणि त्याच्या परिसराचे नाव नागसेनवन. नागसेनाच्या दृष्टीने पाहता गाडीची ओळख कोणत्याही एका भागात नाही. मग ती कशात आहे, हे मात्र जतन करणाऱ्याला ठरवावे लागते.

आधुनिक काळात ह्या प्रश्नाची दोन उत्तरे पुढे आली आहेत. ऐतिहासिक वाहनांच्या आंतरराष्ट्रीय महासंघाने स्वीकारलेली ट्युरिन सनद ही वास्तुजतनाच्या १९६४ च्या व्हेनिस सनदेच्या धर्तीवर असून ती वाहनाच्या चालण्यालाही वारशाचा भाग मानते. भारत सरकारने जुलै २०२१ मध्ये केलेल्या नियमांनुसार ५० वर्षांहून जुने, मूळ स्वरूपात राखलेले आणि चौकट, सांगाडा वा इंजिन ह्यांत मोठा फेरफार न झालेले खाजगी वाहन 'व्हिंटेज' ठरते. त्याला नोंदणीक्रमांकात 'व्हीए' ही अक्षरे मिळतात. नव्या नोंदणीचे शुल्क २०,००० रुपये आणि मुदत दहा वर्षे ठरविण्यात आली. असे वाहन नित्याच्या वापरासाठी रस्त्यावर आणता येत नाही. प्रदर्शन, मिरवणूक, तांत्रिक संशोधन, इंधन भरणे आणि दुरुस्ती ह्यांपुरतीच मोकळीक आहे.

ह्या नियमामागील हेतू स्पष्ट आणि योग्य आहे. परंतु इतिहासाच्या दृष्टीने त्यातून एक पेच उद्भवतो. मूळ स्वरूप म्हणजे कारखान्यातून निघालेले स्वरूप, असे गृहीत धरले की टंचाईच्या काळातील सारे देशी फेरफार दोष ठरतात. छप्पर उतरविलेली हेराल्ड, लोहाराचा पाटा असलेली शेव्हरोले, दुसऱ्याच गाडीचा कार्बोरेटर लावलेली फोर्ड ह्या सर्व अशुद्ध ठरून त्यांचे फेरफार पुसून टाकले जातील, किंवा त्या भंगारात जातील. आणि त्यांच्याबरोबर भारतीय मिस्त्रीने ह्या परकीय यंत्रावर केलेले स्वतःचे लेखनही पुसले जाईल. भाषाशास्त्रात परभाषेतून आलेल्या शब्दाचे बदललेले रूप अशुद्ध म्हणून टाकून दिले जात नाही; त्या बदलातच ग्रहण करणाऱ्या भाषेचे व्यापार दिसतात. 'स्टेपनी'चा अर्थविस्तार आणि गाडीवर चढविलेला देशी टप हे दोन्ही एकाच जातीचे पुरावे होत.

६

वरील विवेचनावरून काही निष्कर्ष काढता येतात. पहिला, उघडी मोटार हा मोटारीचा अपवादात्मक प्रकार नसून मूळ प्रकार आहे आणि मराठी शब्दसंपत्तीत तिच्या खुणा अद्याप आहेत. दुसरा, भारतात हा छंद निभावाच्या कौशल्यांतून वाढला. त्यामुळे येथील जुन्या गाड्यांवरील दुरुस्त्या ह्या स्वतंत्र ऐतिहासिक साधन म्हणून तपासल्या पाहिजेत. तिसरा, गाडी चालती ठेवण्यासाठी लागणारे ज्ञान बहुतांशी अलिखित असून ते मालकाकडे नाही, मिस्त्रीकडे आहे.

मराठीत ह्या आवडीला तीन शब्द आहेत : अरबीतून आलेले 'शौक' आणि 'हौस', व संस्कृतातून आलेला 'छंद'. हौसेला मोल नसते, अशी म्हण आहे. ती मालकाच्या बाजूने केलेली आहे. मिस्त्रीच्या बाजूचा शब्द चौथाच आहे, तो म्हणजे 'जतन'. त्याचे मूळ 'यत्न' ह्या शब्दात आहे. वस्तू कुलपात ठेवल्याने तिचे जतन होत नाही, तिच्यासाठी पुनःपुन्हा यत्न करावा लागतो, हा अर्थ ह्या व्युत्पत्तीत दडलेला आहे आणि पावसाळ्यानंतर टप उघडून वाळविणाऱ्याला तो अनुभवाने माहीत असतो.

व्हाइट मेटल ओतणारे, कमानीचे लाकूड वाकविणारे, हाताने पत्रा बडवून मडगार्डाचा बाक साधणारे कारागीर आता थोडे आहेत आणि वृद्ध आहेत. त्यांची मुले संगणकावर दोष दाखविणाऱ्या नव्या गाड्यांकडे वळली, हे स्वाभाविकच आहे. कोश तयार करताना विद्यापीठांनी शेती, विणकाम, कुंभारकाम ह्यांच्या परिभाषा गोळा केल्या; गॅरेजची परिभाषा इंग्रजीतून उसनी घेतलेली म्हणून तिच्याकडे तेवढे लक्ष गेले नाही. त्या शब्दांची जिल्हावार नोंद, प्रत्येक शब्दाबरोबर त्या क्रियेचे वर्णन, आणि चालत्या गाड्यांवरील देशी दुरुस्त्यांची छायाचित्रांसह यादी हे काम पदव्युत्तर अभ्यासकांच्या आवाक्यातील आहे. त्यासाठी राजवाड्यापर्यंत जाण्याचे कारण नाही; देवगाव फाट्यासारख्या ठिकाणी, जेथे रस्ते एकत्र येतात आणि वाहने थांबतात, तेथून आरंभ करता येईल. बेअरिंगवरचा थर किती खरवडावा हे ज्याच्या हाताला कळते, त्याला ते शब्दांत सांगावयास लावणे आज शक्य आहे. हे काम आणखी एका पिढीने लांबले, तर गाड्या संग्रहालयात उभ्या दिसतील. त्या चालविण्याची विद्या मात्र कोठेच नोंदलेली सापडणार नाही.